वस्तादांचं दुखणं

वस्ताद दुखऱ्या जागेवरच मारायचे. सकाळी तालमीत आलो की ते विचारायचे, "कुठं दुखतंय?" नवखा पोरगा खांदा दाखवायचा आणि वस्तादांचा अंगठा तिथंच रुतायचा. पोरगा कळवळला की म्हणायचे, "आता कळलं न्हवं? फुडल्या गड्यालाबी ह्येच कळतं. दुखणं दाखवायचं नसतं." दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला की सगळे म्हणायचे, "कुठंच न्हाई."

त्यांची तालीम विट्याजवळच्या एका गावात होती. आमचं घर वडूजकडचं. वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असत, म्हणून त्यांनी मला वस्तादांच्या पायावर घातलं. मी तिथंच राहिलो, तिथंच जेवलो आणि तिथूनच शाळेत गेलो. वस्तादांचा दुसरा हट्ट खाण्याचा होता. कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई आणि गोठ्यातल्या म्हशीचं दूध ते समोर उभं राहून प्यायला लावायचे. ओकलं तर परत भरून द्यायचे. "पोटात न्हाई तर मातीत काय दावणार?" गरिबाच्या पोराला त्यांनी कधी कमी वाढलं नाही. अंगठा मात्र सगळ्यांना सारखाच लागायचा.

बारावीला त्यांनी मला कुस्तीच्या मातीच्या हौद्यातून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्या मानंत दम न्हाई. तू उगं माती खाऊ नगंस. शीक." पोरं हसली. मी गोठ्यात जाऊन रडलो. पण त्या दिवसापासून त्यांनी मला पहाटेचे जोर माफ केले आणि अभ्यासाला दिव्याखालची जागा दिली. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, ती त्या एका वाक्यामुळं. मी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सिंगला लागलो. तालमीत गेलो की थोरला पठ्ठा हणमंता हाक मारायचा, "आलं बगा आमचं ब्रदर. पैलवान व्हाया आलं, आन सुया टोचाय लागलं."

वस्तादांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला. तंबाखू त्यांची स्वतःचीच होती, त्यावर कुणी काही बोलायची सोय नव्हती. दवाखान्यात किरणांचे शेक घेऊन झाले, आजार हटला नाही आणि गिळणं बंद झालं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. मी पठ्ठ्यांना बसवून शिकवलं: पातळ, गाळलेलं द्यायचं, डोकं उंच ठेवायचं, हळू सोडायचं, नंतर पाणी. गोळी कुटून पाण्यात विरघळवून ठरल्या वेळेला, दुखायची वाट न बघता.

पोरांनी मान डोलावली आणि आठवड्याच्या आत नळीतून थंडाई घातली. वस्तादांचं अंग झडत चाललेलं त्यांना बघवत नव्हतं, आणि अंग भरायचं त्यांना ठाऊक असलेलं औषध तेवढंच. बदामाच्या चोथ्यानं नळी तुंबली. ती मोकळी करायला एकानं पिचकारीला सगळा जोर लावला. दवाखान्यात ती काढून नवी घालताना मी वस्तादांचं डोकं धरलं होतं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही. भोवती पठ्ठे उभे होते ना.

गोळीचं त्याहून वाईट झालं. घरी आल्या दिवशीच वस्तादांनी पठ्ठ्यांना मातीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. "नशेची गोळी मी घेणार न्हाई. मी मागितली तरी द्यायची न्हाई."

मग काकींचा फोन आला. काकी म्हणजे वस्तादांच्या पत्नी. "ये रं बाबा. डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. मागत्यात, आन पोरं देईनात."

मी दुपारी पोचलो. वस्ताद खाटेचा लोखंडी गज धरून पडले होते. हणमंता उशाशी बसून त्यांचे खांदे दाबत होता, आणि रडत होता. गोळ्यांची डबी त्याच्या खिशात होती.

"दे," वस्ताद म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होता.

"तुमीच शपथ घातलीया, वस्ताद."

"मीच सांगतोय. दे रं."

"तवा बोलला त्यो वस्ताद खरा," हणमंता म्हणाला. "ह्यो आजार बोलतोय."

मी म्हणालो, "हणमंता, किती हाल करतोस त्यांचे?"

"तू गप. तू मातीतनं उठून गेलेला. तुला काय कळायचं?"

"म्हणूनच डबी माझ्याकडं दे. शपथ तुमी घेतली. मी तवा इथं न्हवतो."

त्यानं खिशात हात घातला. मग त्यानं डबी माझ्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून बाहेर गेला. मी गोळी कुटली, पाण्यात विरघळवली, नळीतून सोडली. बऱ्याच वेळानं वस्तादांची बोटं गजावरून एकेक करून सुटली. ते झोपले.

संध्याकाळी मेहनतीला पोरं जमली तेव्हा त्यांना जाग आली. त्यांनी पठ्ठ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्याला आत कुणी घेतला? काढा भाईर. परत ह्या दारात दिसाय नगो."

ज्यांच्या ताटात मी जेवलो त्या पोरांनी मला दंडाला धरून रस्त्यावर सोडलं. गोठ्यापाशी काकी उभ्या होत्या. मी डबी त्यांना दिली आणि गोळी कशी द्यायची ते सांगितलं. पुढं पोरं हौद्यात उतरली की त्या दार लोटून घ्यायच्या. वस्ताद भिंतीकडं तोंड करून पडायचे, बोलायचे नाहीत, नळी ओढायचे नाहीत. पेज पोटात राहू लागली. झोप लागू लागली. गोळ्या संपल्या की काकींचा भाऊ मिरजेला येऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन जायचा, त्याच्याकडूनच मला हे कळायचं. डबी कुठं गेली हे हणमंतानं कधी विचारलं नाही. मला परत बोलावलंही नाही.

वस्ताद झोपेतच गेले. मातीला स्मशानात मी मागं उभा होतो, खांदा मला मिळाला नाही. सरण पेटायच्या आधी हणमंता जमलेल्या गावाला म्हणाला, "कॅन्सरनं पोखरलं, पर वस्तादांनी नशेच्या गोळीला हात लावला न्हाई. खोटं वाटत आसंल तर ह्या ब्रदरला इचारा. दवाखान्यातला माणूस हाय."

सगळे वळून माझ्याकडं बघू लागले. हणमंताही बघत होता.

"व्हय," मी म्हणालो. "न्हाई घेतली."