मास्तरांचा कच्चा टाका

पहिल्यांदा सगळ्यांनी दोष डोळ्यांना दिला. शिंप्याच्या घरात दुसरं काय सुचणार?

मास्तर कटिंगच्या टेबलापाशी उभे राहायचे. कापड पसरलेलं, खडूनं आखलेलं, कात्री हातात. आणि कात्री चालायची नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे मशिनवर बसलेला धाकटा भाऊ पाय थांबवून म्हणायचा, "दादा, कापड पळून नाही जात. काप आता."

मास्तर हसल्यासारखं करायचे आणि कात्री खाली ठेवायचे.

मग दुकानातला दिवा बदलला. टेबलावर पांढरा, झगझगीत दिवा आला. चष्म्याचा नंबर तपासला; तो होता तिथंच होता, तरी फ्रेम नवी केली. कात्रीला धार लावून आणली. कंबर दुखत असेल म्हणून टेबलाची उंची दोन बोटं वाढवली. हे सगळं मायेनं चाललं होतं, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मास्तर आणखी ओशाळत होते. आता अंधाराचं निमित्तही उरलं नव्हतं.

तीस वर्षं हा माणूस खांदे वाचत आला होता. दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यावरून जाणाऱ्याकडे बोट न दाखवता म्हणायचा, "डावा अर्धा इंच खाली. पिशवी एकाच हातात धरतो." त्याची तेवढीच करमणूक. उतरलेल्या खांद्याखाली कोटात किती भर घालायची हे तो टेप न लावता सांगायचा, आणि गिऱ्हाईक आरशात सरळ उभं दिसलं की स्वतःच उंच झाल्यासारखा दिसायचा. आता रस्ता तसाच वाहत होता, पण खांदे दिसेनासे झाले होते. माणसं जात होती, एवढंच.

घरी बायको खिडकीपाशी बसून दुकानाची काज-बटणं करायची. तिच्या नजरेस दुसऱ्याच गोष्टी पडत होत्या. उजाडायच्या आधीच मास्तरांना जाग यायची. मग एक मोजा हातात धरून ते पलंगाच्या काठावर बसून राहायचे, आणि दुसरा मोजा घालेपर्यंत चहा निवलेला असायचा. ताटातलं अर्धं तसंच राहायचं.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"अगं, खरंच काही होत नाही. काहीच होत नाही. तेच तर."

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. मग त्यांनी मनाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. दुकानात धाकटा उसळला. "दादा काय वेडा आहे का?"

"भाऊजी," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मागे दात दुखला तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे गेलात ना? तेव्हा तुम्हाला कोणी दात म्हटलं का?"

धाकट्यानं मशीन सुरू केलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. मास्तरांना मुलगी असती तर एवढीच असती. झोप, भूक, कामातलं लक्ष, किती आठवड्यांपासून, घराण्यात आधी कोणाला असं झालं होतं का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. हा आजार आहे. तुम्ही आळशी झालेला नाहीत."

"पण कारण काय? घरात कोणी गेलं नाही, कोणाशी भांडण नाही."

"कधी कारण दिसतं, कधी दिसत नाही. कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही."

रोज सकाळी एक गोळी. पहिले दोन-तीन आठवडे तोंड कोरडं पडेल, मळमळेल, आणि बरं काही वाटणार नाही. हा काळ चिवटपणे काढायचा. आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी बोलायचं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी सोडायची नाही. सोडायची वेळ आली की त्या स्वतः हळूहळू कमी करतील. मग त्यांनी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"छे छे, नाही," मास्तर म्हणाले.

बायको त्यांच्या हाताकडे बघत होती. अंगठा पहिल्या बोटाचं नख दाबत होता. 'ट्रायल उद्या नक्की' असं गिऱ्हाइकाला सांगताना तो असाच दाबायचा. ते 'नाही' ती घरी घेऊन आली आणि ते घरातच राहिलं. त्यानंतर मास्तर न्हाणीघरात जरा जास्त वेळ थांबले की ती काहीतरी मागायच्या निमित्तानं दार वाजवायची. हा माणूस खरं कधी बोलेल, आणि त्याआधी काही होऊन बसलं तर, एवढ्या एका भीतीवर तिचे दिवस जात होते.

सहाव्या आठवड्यात मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या पोस्टमनचा उजवा बघ. गेलाय पार." तिनं मान वर केली नाही. हातातल्या काजावर पाण्याचा डाग पडला.

चार महिने बरे गेले. दुकानात कात्रीचा आवाज होता. नंतर तो पुन्हा अडखळू लागला. एका दुपारी मास्तरांनी महागाच्या कापडातून कोटाचे पुढचे दोन भाग कापले, दोन्ही डाव्या बाजूचे. धाकट्यानं ते घडी करून कपाटात मागे सरकवले आणि आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा केली नाही. त्यानंच मास्तर सगळ्यात जास्त घाबरले.

त्याच आठवड्यात बायकोला जुन्या, जाड पांढऱ्या बटणांपैकी एक हवं होतं. ती बटणं कोणी मागत नसे. त्यांचा डबा फळीच्या टोकाला पडून होता. तिनं तो पालथा केला. बटणांत गोळ्या होत्या. पांढऱ्या, गोल, बिनभोकांच्या. तिनं मोजल्या. चाळीसच्या वर. सगळं तिनं परत डब्यात भरलं. डबा तसाच उचलून ती दुकानात गेली.

"हे कशासाठी साठवलंत?"

"साठवलं नाही गं." मास्तरांना आधी तिचा प्रश्नच कळला नाही, मग कळला, आणि ते स्टुलावर बसले. "बरं वाटत होतं. आपण कोट कच्चा टाचतो, मग पक्की शिवण घालतो. पक्की बसली की कच्चा टाका काढायचा. ठेवला तर कापड खराब दिसतं. मला वाटलं, आता काढायचा."

"आणि मला रोज सांगत होतात, घेतली म्हणून?"

"तू घाबरली असतीस."

"आता नाही घाबरले?"

डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "असं पुष्कळ लोक करतात," म्हणाल्या. "बरं वाटत होतं ते गोळीमुळे. शिवण अजून ओली होती म्हणा." ओली शिवण नसते हे त्यांना कोणी सांगितलं नाही. गोळी पुन्हा सुरू झाली. या खेपेला मुदत लांबणार होती. आणि तोच प्रश्न परत आला.

बायकोनं मध्येच हात केला. "त्यांना असलं विचारू नका हो. डोक्यात नसलं तर येईल."

"विचारल्यानं येत नाही. आधीच असलं तर बाहेर पडायला वाट मिळते."

मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अंगठा हलला नाही.

"वाटतं," ते म्हणाले. "पहिल्या वेळेला विचारलंत, तेव्हाही वाटत होतं. फार दमलोय, बस्स."

बायको रडली नाही. खुर्चीत तिचं अंग सैल पडलं, ओझं खाली ठेवल्यासारखं.

गोळ्या आता तिच्याकडे राहायच्या, ती रोज एक हातावर द्यायची. आणि एक ठरलं: विचार अंगावर आला की समोर असेल त्याला सांगायचं, तेव्हाच, आणि त्यानं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन करायचा.

"कोणाला सांगाल?"

"हिला."

"या जवळ नसल्या तर?"

"धाकटा असतो. पण तो चेष्टा करेल."

"करू दे. सांगाल का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

दोन आठवडे गेले. गोळीचा गुण अजून यायचा होता; मळमळ तेवढी आली होती. एका दुपारी बायको बहिणीला दवाखान्यात भेटायला गेली. दुकानात दोघंच भाऊ. मास्तर अस्तर कापत होते, सोपं काम. मध्येच कात्री थांबली.

"काय दादा, आता अस्तराशीही बोलणं बंद?"

मास्तरांनी कात्री टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवली. आवाज साधाच होता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "धाकट्या, आज मला एकटं सोडू नकोस. ते आलंय."

मशीन थांबलं. धाकट्याच्या ओठावर सवयीनं काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. उठून शटर अर्धं ओढलं, स्टूल दादाच्या अगदी जवळ आणलं आणि त्यांचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना मास्तर त्याचं धरायचे, तसंच घट्ट.

"जात नाही कुठं. पण गप्प बसायला मला जमणार नाही, आधीच सांगतो."

"मग बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"बाईंचा नंबर कुठं आहे?"

"मापाच्या वहीत. मागच्या पानावर."

धाकट्यानं मनगट न सोडता दुसऱ्या हातानं वही ओढली आणि एका बोटानं आकडे दाबायला लागला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा फोन लागला.