धुक्यातल्या बेटावर दोघी जावा

बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या आमच्या घरमालकीण सुलभाताई यांना खोटं बोलता येत नसे. गणिताच्या शिक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण चुका काढायची सवय काही सुटली नव्हती. मी वरच्या मजल्यावर राहायला आले त्या दिवशीच त्यांनी, 'तुमचा पडदा वाकडा शिवलाय,' असं सांगून टाकलं. पडदा वाकडाच होता. पण म्हणून काय पहिल्याच दिवशी?

याच गुणापायी त्या घरात आठ वर्षं अबोला होता. धाकट्या जाऊ मंगलाबाई यांच्या वंदनाला पाहायला पाहुणे आले होते. 'मुलगी अभ्यासात कशी?' त्यांनी सहज विचारलं, आणि सुलभाताई म्हणाल्या, 'दहावीला एकदा नापास झाली. गणितात.' पोहे अर्धे टाकून पाहुणे गेले ते गेलेच. पुढे वंदनाला चांगलं सासर मिळालं, पण मंगलाबाई मोठ्या जावेशी एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक एक, जेवण एकत्र, आणि बोलणं सगळं प्रभाकररावांमार्फत. प्रभाकरराव म्हणजे मंगलाबाईंचे यजमान.

'अहो, त्यांना म्हणावं, चहा निवून राहिला.'

'भाऊजी, तिला म्हणावं, आले.'

तिघंही एकाच खोलीत! मला हसू यायचं आणि रागही. सुलभाताईंना मात्र ते फार लागलं होतं. 'तिनं एकदा मला ताई म्हणून हाक मारावी, बस,' असं त्या मला म्हणाल्या होत्या.

बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मंगलाबाईंचा मुलगा इंदूरला नोकरीला लागला आणि त्याचा कॉम्प्युटर बैठकीत राहिला. त्यात एक खेळ होता. मारामारी नाही, पळापळ नाही. धुक्यातलं एक बेट, त्यावर बंद घरं, आणि घर सोडून गेलेल्या थोरल्या बहिणीला शोधत फिरणारी एक मुलगी. प्रत्येक दाराला काही ना काही कोडं. सुटेपर्यंत दारापुढे बसून राहा, कुणी हाकलत नाही. सुलभाताई अशा गुंतल्या की त्यांची दुपारची झोप सुटली.

मंगलाबाई तिथंच तांदूळ निवडत बसायच्या. पहिल्या दिवशी समुद्राचा आवाज ऐकून त्या दोनदा उठून नळ पाहून आल्या. मग ताट मांडीवर तसंच राहायला लागलं. सुलभाताई इंग्रजी वाचून मोठ्यानं मराठीत सांगायच्या, कुणासाठी ते न सांगता. प्रभाकरराव खुर्चीत घोरत असायचे, तरी निरोप त्यांच्याकडेच.

'अहो, त्यांना म्हणावं, घड्याळ उलटं फिरवून पाहा ना एक बार.'

घड्याळ उलटं फिरलं, दार उघडलं. 'भाऊजी, तिला म्हणावं, शाबास.' प्रभाकरराव घोरतच होते. दार उघडतंय न उघडतंय तोच लाइट गेली, तर मंगलाबाईंनी वीज मंडळाला अशा शिव्या घातल्या की मी वरून ऐकल्या.

खेळाच्या शेवटच्या दिवशी प्रभाकरराव देडतलाईला लग्नाला गेले होते. मी दह्याची वाटी घेऊन जिन्यात थांबले; तिथून बैठक दिसायची. खाली गेले असते तर निरोप माझ्याच गळ्यात पडले असते. पडद्यावर मुलगी दीपगृहाच्या माथ्यावर पोचली. थोरली बहीण तिथं होती. ती काय म्हणते ते सुलभाताईंनी वाचलं, 'आईनं कधी माझी आठवण काढली?'

खाली दोनच उत्तरं होती. हो, रोज. नाही, कधीच नाही. खरं उत्तर दुसरं होतं. आईनं तिचं नाव टाकलं होतं, हे दोघींनी आधीच्या घरांत पाहिलं होतं.

सुलभाताईंनी बाण 'हो'वर नेला. जन्मात पहिल्यांदा त्या खोटं बोलायला निघाल्या होत्या, आणि कुणासाठी ते मला जिन्यात उभ्या उभ्या कळलं. मला रडू आलं.

मागून आवाज आला, 'खरं सांगा, ताई. तुम्हांला खोटं कुठं येतं!'

सुलभाताई वळल्याच नाहीत. पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, 'त्या दिवशी मी गप्प बसायला पाहिजे होतं गं.'

'हो. पाहिजे होतं.' मंगलाबाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. 'आता दाबा ते लवकर. लाइट जाईल.'

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव परत आले. संध्याकाळी ते जिना चढून माझ्याकडे आले, चेहरा अगदी उतरलेला. हळूच म्हणाले, 'घरात काही झालं का हो? सकाळपासून मला कुणी काही सांगायलाच सांगितलं नाही.'