बोका आणि माझे सोवळे

व्हिडिओवर तुम्ही दोघे दर वेळी विचारता, की म्हातारी मांजरी दिसते, मग तो पिवळा बोका कुठे असतो. फोनचा आवाज त्याला खपत नाही. घंटी वाजली की तो उठून मागच्या अंगणात जातो. पण तो या घरात राहिला कसा, हे तुम्हाला सांगायचे आहे. इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते, शिक्षण सारे त्यातच झाले. पण आपल्या घरातले बोलणे त्यात नीट उतरत नाही. आईकडून वाचून घ्या.

बोका माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा. ती तिरुवैयारूला एकटी राहून मुलींना वीणा शिकवायची. गुडघे गेले तशी तिची मुलगी तिला कोइम्बतूरला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. तिथे मांजर चालत नव्हते. मी झाकणाची टोपली घेऊन ऑटोने गेले आणि त्याला घेऊन आले. वाटेत त्याने फटीतून पंजा काढून माझ्या मनगटावर तीन ओरखडे काढले.

घरी आल्यावर तो पहिल्या दिवशी तुमच्या आजोबांना चावला. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेली साडी काठीवरून ओढून तिच्यावर झोपला. तिसऱ्या दिवशी त्याने म्हातारीला मागच्या भिंतीपर्यंत पिटाळले. बारा वर्षे या घरात तिच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. ती न्हाणीघरावरच्या माळ्यावर चढली आणि तिथेच राहिली. ताटलीला तोंड लावीना. शिडीवर चढून मी बोटावर दही नेले की तेवढे चाटायची.

मी शिस्तीची बाई. कागदावर वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावले. बोका मागच्या खोलीत, म्हातारीला बाकीचे घर. त्याचे खाणे सातला, तिचे आठला. पण खरी शिस्त वेगळीच होती. तुम्ही इथे असताना सकाळी मी तुम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबवायची, ते आठवत असेल. अंघोळ करून, काठीवर वाळलेली साडी नेसून मी रांधते आणि देवाला नैवेद्य होईपर्यंत कोणाला शिवत नाही. हे आपले सोवळे. शेजारच्या अम्मा त्याला मडी म्हणतात. म्हातारी ते जाणून होती. नैवेद्याची घंटा वाजेपर्यंत ती उंबऱ्यापलीकडे बसून राहायची. बोक्याला कसले सोवळे? त्याला खाऊ घालून आले की मी पुन्हा अंघोळ करायची, साडी बदलायची, त्याच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतची जमीन हळदीच्या पाण्याने पुसायची. त्याचे अंथरूण रोज धुवायची. मगच म्हातारीसाठी शिडी चढायची.

"दिवसाला तीन अंघोळी," आजोबा म्हणाले. "विहीर आटेल."

"तुम्हाला चावला म्हणून तुमचा राग आहे."

"मला चावला ते जाऊ दे. ती वर उपाशी मरते आहे, ते बघ."

ते बरोबर बोलत होते. पूर्वी ती दिवसभर त्यांच्या वर्तमानपत्रावर बसायची, आणि आता पेपर सकाळपासून सरळ, न चुरगळलेला पडून असायचा. त्यांनी ओरत्तनाडूच्या पुतण्याला फोन केला. त्याच्या भाताच्या कोठारात उंदीर फार. रविवारी गाडी घेऊन येतो, बोक्याला नेतो, असे त्याने कबूल केले. मी नाही म्हणाले नाही. मात्र कोठारात चार मोठे कुत्रे आहेत, आणि बोक्याने जन्मात उंदीर पाहिलेला नाही, हे मला ठाऊक होते. मैत्रीण दर संध्याकाळी फोन करून विचारायची, "जेवला का?" मी म्हणायची, "हो, जेवला." पुढचे सांगायला तोंड उघडत नव्हते.

बुधवारी म्हातारीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण मुलगी, बोलायला तुटक. तिने म्हातारीला सुई दिली, बोक्याची हकीकत ऐकून घेतली आणि मला तमिळमध्ये विचारले, "त्या मांजराकडून या मांजराकडे जाताना मध्ये काय करता, अम्मा?"

मी अभिमानाने सगळे सांगितले. हळदीचे पाणीसुद्धा.

तिने पेन खाली ठेवले. "मांजर वासाने ओळखते. तुम्ही त्याचा वास रोज धुऊन टाकता. हिला तो रोज नवा चोर वाटतो. चार दिवस धुणे बंद करा. त्याला हात लावा आणि तसाच हात हिला लावा."

"तसाच?"

"तसाच."

घरी आजोबांना सांगितले, तर ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "माझ्या आईने तुला दहा वर्षं शिकवलं, ते एक बोका चार दिवसांत सोडवणार."

"देवाचं काय?"

"देवाला मी दूध आणि केळं दाखवतो. तो काही तक्रार करणार नाही. तू मांजराचं बघ."

मग मी एक जुनी सुती साडी मधोमध फाडली. अर्धी बोक्याखाली, अर्धी माळ्यावर. संध्याकाळी अदलाबदल. न धुतलेल्या हाताने म्हातारीला कुरवाळले. तिने हात हुंगला आणि फिस्स केले. गुरुवारी फिस्स केले नाही, तोंड फिरवले. शुक्रवारी बोक्याच्या अर्ध्या साडीवर ती झोपलेली दिसली. मी मात्र त्या दिवसांत स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्यासारखी वावरत होते. जमीन पुसायला हात शिवशिवायचे. शनिवारी ती अर्धी शिडी उतरली, बोक्याला पाहिले आणि पुन्हा वर गेली.

रविवारी सकाळी नऊलाच पुतण्या टोपली घेऊन हजर.

"काकू, कुठे आहे तुमचा वाघ?"

"आधी कॉफी घे," आजोबा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

मी मागच्या खोलीचे दार उघडले. बोका बाहेर आला, पाहुण्याला पाहून गुरगुरला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. मी दहीभात कालवला. एक ताटली त्याच्यापुढे, दुसरी आत, चुलीजवळ. पुतण्या पेला हातात धरून दारात उभा होता.

म्हातारी शिडी उतरली. सावकाश, एकेक पायरी. बोक्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने मान वर केली. तिने त्याच्या डोक्यावर एक चापट मारली, त्याला ओलांडून आत गेली आणि खायला लागली. बोका जागचा हलला नाही. थोड्या वेळाने त्यानेही आपल्या ताटलीत तोंड घातले.

मी जमिनीवरच बसले.

"म्हणजे नेऊ की नको?" पुतण्याने विचारले.

"बोलू नकोस," आजोबा हळूच म्हणाले, "ती जेवते आहे."

तिने ताटली चाटून पुसून स्वच्छ केली आणि माझ्याकडे पाहिले. मी आणखी भात वाढला.