पुरं गाऱ्हाणं

"धरा पिशवी. लाजायचं काय त्यात?"

सकाळच्या रत्नागिरी–देवरुख गाडीत बसणाऱ्या निम्म्या माणसांनी हे वाक्य एकदा तरी ऐकलं असेल. हातखंब्याच्या पुढे गाडी वळणांना लागली की ती तिकिटं देता देता माणसांचे चेहरे बघायची. कुणाच्या ओठांचा रंग उडाला, कुणी आवंढे गिळायला लागलं, की हिच्या खाकी कोटाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी निघालीच. ओकणाऱ्याच्या आधी हिला कळायचं.

ती आमची कंडक्टर. मी देवरुखला कचेरीत कारकून, राहायला रत्नागिरीत मांडवीला, त्यामुळे माझं जाणं-येणं तिच्याच गाडीने. एखाद्या बाईला वाटेत गाडी थांबवून हवी असली तर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई पदर तोंडात धरून सोसत बसते. ही मात्र मागून खणखणीत आवाजात ओरडायची, "मामा, बायकांना जायचंय, झाडी बघून थांबवा!" पुरुष मंडळी घाईघाईने पेपरात डोकं खुपसत आणि चार बायका मुकाट्याने उतरत. पुढे मीही उतरायला लागले.

तिला मूल नव्हतं. हे मला तिने सांगितलं नाही, गाडीने सांगितलं. गुटख्याचा तोबरा भरलेला एक गृहस्थ मला म्हणाला, "एसटीत दिवसभर अंग हिंदकळतं हो. पोट राहणार कसं?" ती मागेच उभी होती.

"काका," ती म्हणाली, "तसं असतं तर आपल्या रस्त्यांवर कुणाच्याच घरी पोर जन्मलं नसतं. तिकीट कुठलं?"

गाडी हसली. मीही हसले. पण त्या माणसाच्या तोंडातला तो लाल लगदा आणि त्यातून दुसऱ्याच्या बायकोच्या पोटाविषयी निघालेलं मत, दोन्हीची मला एकदमच शिसारी आली. आपला समाज म्हणून काही आहे ना, तो मला तेव्हापासून त्या तोबऱ्यासकटच आठवतो.

हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली. संगमेश्वरला गाडी थांबली की माझ्या शेजारी टेकायची. लग्नानंतर कधीतरी पोटात जंतुसंसर्ग झाला होता. ताप आला, कळा आल्या, पण नव्या सुनेने असलं सांगायचं कुणाला, म्हणून तिने अंगावर काढलं. मग वर्षं गेली. शेवटी तिने स्वतःच जाऊन तपासणी करून घेतली. आत औषध सोडून गर्भनलिकांचा एक्स-रे काढतात, ती.

"औषध दोन्ही बाजूंना गेलं आणि फुगून तिथेच थांबलं बघा," ती म्हणाली. "दोन्ही नळ्या बंद. आत पाणी साठलंय."

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. गर्भ बाहेर तयार करून आत ठेवता येईल. पण नळ्यांतलं ते खराब पाणी गर्भाशयात झिरपत राहिलं तर ठेवलेला गर्भही टिकायचा नाही. म्हणून आधी दोन्ही नळ्या काढायच्या, मग पुढचं. पण पुढच्या त्या उपचारासाठी नवरा-बायको दोघांच्या सह्या लागत होत्या, आणि तिची चाळिशी जवळ येत होती. डॉक्टर म्हणाले होते, आता वेळ दवडू नका.

नवरा मुंबईला. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा संसार एका शब्दात मावायचा: "बघू." ती म्हणायची, "मॅडम, ह्यांच्या 'बघू'त माझी तिशी गेली."

आणि सासू? तिचं म्हणणं साधं होतं. "नळ्या हायत तर आज ना उद्या उघडतील. काडून टाकलान तर देवीनं तरी काय करायचा?"

नळ्या उघडाव्यात म्हणून मग सासूचे उपाय चालले. एक बाई येऊन तिचं पोट चोळून जायची, इतकं की दुसऱ्या दिवशी ही कमरेवर हात ठेवून तिकिटं देई. मग एक काढा आला. एरंडेल, लसूण आणि कसला तरी कुजका पाला. सासू समोर उभी राहून पाजायची. एकदा गाडीत हिने त्याच्या बाटलीचं झाकण उघडून मला वास दिला. माझा दिवसभराचा डबा तसाच परत गेला.

त्या काढ्यानेच एक दिवस घात केला. भर गाडीत तिला उमळून आलं. सगळ्यांना पिशव्या देणारी ती, स्वतःसाठी खिशात हात घालेपर्यंत दारातच ओकली. मी धरायला उठले, आणि पाहते तर काय, पुढच्या बाकांवरच्या बायका हसतायत! एक तर चक्क टाळी वाजवून म्हणाली, "अग्गो बाई! मग पेढे कधी?"

ती कोटाच्या बाहीने तोंड पुसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या बायकांना वास येत नव्हता का हो? ते हिरवं-काळं पाणी पायरीवरून ओघळत होतं आणि ह्यांना त्यात पाळणा दिसत होता. मला ओकारीची किळस आली नाही. त्या हसणाऱ्या तोंडांची आली. ती फक्त म्हणाली, "एरंडेल आहे काकू. पेढे चालतील का त्यावर?" आणि पाणी मागून तिने स्वतःच पायरी धुतली.

त्याच महिन्यात सासूचा भाऊ घरी आला. हिने चहा पुढे केला, तर चहा हातात घेऊन तो सासूला म्हणाला, "दुसरी बघूया काय त्याला?" ही तिथेच ट्रे घेऊन उभी होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग तू काय केलंस?" म्हणाली, "काय करणार? बिस्किटं आणायला आत गेले." त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज बसलेला ऐकला.

शिमगा आला. नवरा मुंबईहून आला. तिने मला बोलावलं, "देवीची पालखी आमच्या अंगणात यायची आहे. तुम्ही या मॅडम. माझ्या बाजूचं एक तरी माणूस असू दे."

मी गेले. वाडी जमली होती. ढोल थांबले, सासूने देवीची ओटी भरली आणि गावचे म्हातारे गुरव गाऱ्हाणं घालायला पालखीपुढे उभे राहिले. आपल्याकडचं गाऱ्हाणं तुम्ही ऐकलं असेल. गुरवाने एकेक मागणं देवीपुढे मांडायचं आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेल्यांनी एका आवाजात होकार द्यायचा. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही.

"व्हय देवी माये, तुजी वटी भरलीय ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरात पाळणा हलला नाय. सुनेवर कुणाचा दोष आसंल, कुणाची नजर आसंल, ती दूर कर!"

"व्हय—"

"थांबा काका," ती म्हणाली.

डोक्यावरचा पदर सावरत ती पुढे आली. "दोष कुणाचा नाय, नजर कुणाची नाय. देवीला अर्धवट नका सांगू. माज्या दोन्ही नळ्या बंद हायत. त्या काडायच्या हायत. तसा सांगा."

"लाज नाय वाटत?" सासू किंचाळली. "चार माणसांत?"

"लाजायचं काय त्यात? पाळणा चार माणसांत मागता, मग नळ्यांनीच काय केलान?"

बायकांच्या घोळक्यातून एक "शी!" आली. माझ्या अगदी कानाशी. लक्षात घ्या, काढ्याला कुणी शी म्हटलं नव्हतं. 'दुसरी बघूया'ला कुणी म्हटलं नव्हतं. बाईने स्वतःच्या शरीरातल्या अवयवाचं नाव घेतलं, आणि ह्यांना मळमळलं. मी त्या बाईकडे असं पाहिलं की ती दोन पावलं सरकली.

गुरव बिचारे पेचात पडले. गाऱ्हाणं तोडता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीच्या सुरात पुढचं सुरू केलं.

"तर देवी माये, हिच्या दोन्ही नळ्या बंद पडल्यात!"

जन्माची सवय. चार-दोन गळे आपसूक म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"त्या डाक्टराकडून काडून घ्यायच्या हायत!"

"व्हय म्हाराजा!" आता निम्मी वाडी.

ती हळूच म्हणाली, "पुढच्या उपचाराला ह्यांची सही."

"त्याला नवऱ्याची सही लागते, ती करायची त्याला बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं अंगण गरजलं. आणि हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो तिचा नवरा. ओरडल्यावर त्याने डोळे उघडले. आपण काय कबूल केलं ते त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. देवीसमोर म्हटलेलं मागे घेता येत नाही, हे सासूलाही ठाऊक होतं. मी पदर तोंडाला लावून हसत होते, आणि रडतही होते.

त्याने सही केली. कोल्हापूरला तिचं ऑपरेशन झालं, दोन्ही नळ्या काढल्या. काही महिन्यांनी गर्भ ठेवला. तो राहिला नाही.

वाडीला तेवढंच हवं होतं. देवीला घाणेरडं सांगितलं, म्हणून ती कोपली. गाडीतही हेच. त्यांच्या बोलण्यात एक प्रकारची तृप्ती होती, जेवून ढेकर द्यावा तशी. मी त्या दिवसांत पास असूनही रिक्षाने हायवेपर्यंत जायचे आणि मिळेल ती दुसरी गाडी धरायचे. त्या बाकांवर बसवेना.

ती मात्र सुट्टी संपताच कामावर आली. मग वर्षभरात नवरा स्वतःच मुंबईहून खटपट करायला लागला आणि तिची तिकडच्या डेपोत बदली झाली. निघताना म्हणाली, "अजून एकदा करणार आहोत मॅडम. ह्या वेळी हे स्वतःच म्हणाले." मी तिला जवळ घेतलं. खाकी कोटाला डिझेलचा वास होता.

गाडीत अजून तिची चौकशी होते. "झालं का काही?" ती बरी आहे का, हे कुणी विचारत नाही. तुमच्याही मनात पहिला प्रश्न तोच आला असेल, तर त्याचं उत्तर मलाही ठाऊक नाही, आणि मी तिला विचारणारही नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. गाडी सुटायला अवकाश होता म्हणाली. म्हणाली, पाळीत जीव जायचा इतकं दुखायचं, ते नळ्या काढल्यापासून थांबलंय. इतकी वर्षं ते दुखणं घेऊन ती गाडीत उभी होती, हे मला तेव्हा कळलं. मी काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून एका बाईचा लाडिक आवाज आला, "कंडक्टर ताई, मुलं किती हो तुम्हाला?"

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"नळ्या होत्या दोन," ती शांतपणे म्हणाली, "त्या काढल्या. तुम्हाला कुठे जायचंय?"