मॅडम बोलल्या म्हणजे झालं

तळेगावच्या शाळेत मागच्या व्हरांड्यातली शेवटची खोली संगणकांची. पूर्वी तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती असायची, आणि मुख्याध्यापकांच्या मनातून ती पोती कधी बाहेर गेलीच नाहीत. मी गेले की ते दारात उभे राहत, खोलीवर एक नजर फिरवत आणि म्हणत, "मॅडम, चालून राह्यले ना डबे? नाई चालले तं सांगजा. मले जागा पायजे." डबे म्हणजे संगणक. कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले, अर्ध्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली. त्यांच्यावर आता विकतचं काहीच चढत नव्हतं. माझं लिनक्स मात्र चढायचं.

माझं म्हणायला ते काही माझं नाही. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, ती कुणा एकाची नसते. जगभरातली माणसं त्याचे तुकडे लिहितात, आणि ते तुकडे गोळा करून, तपासून, एकत्र बांधून लोकांच्या हाती देणारे गट असतात. त्यातल्या एका गटात मी काम करते. करत होते. काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. पगार नाही, सही-शिक्का नाही, एकमेकांची तोंडंही कुणी फारशी पाहिलेली नाहीत. माझा नवरा तहसीलमध्ये कारकून आहे. तो त्याला भिशी म्हणतो. "तुह्या फॉरेनच्या भिशीचं काय झालं?" असं रोज जेवताना विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता भाजी वाढून घेतो.

मी वर्ध्यात एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेची सहायक. गटात माझ्याकडे दोन कामं होती. पडद्यावर दिसणारे शब्द मराठीत आणायचे, हे एक. आणि दुसरं, नवीन आवृत्ती निघायच्या आधी ती जुन्या जातीच्या संगणकांवर चढवून पाहायची. चालू होतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, जोडाक्षरं फुटतात का. बिघाड सापडला की लिहून कळवायचा, दुरुस्त होऊन आला की पुन्हा पाहायचा. कंटाळवाणं काम आहे. मला ते फार आवडायचं. स्वयंपाक चांगला झाला की कुणी बोलत नाही, मीठ कमी पडलं की सगळे बोलतात, तसंच ते काम. पण तळेगावच्या पडद्यावर एखाद्या पोरीने 'जतन करा' दाबलं की मला आत कुठेतरी बरं वाटायचं. तो शब्द मी घातला होता.

नवीन आवृत्ती निघाली की मी ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि एसटी पकडायची. तळेगावचे सर शाळेतली खोली सांभाळत. पवनारला एक निवृत्त बाई स्वतःच्या घराच्या पडवीत गावातल्या मुलींना टायपिंग शिकवत. जामच्या चौरस्त्यावर एकाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. अशी आणखीही थोडी माणसं होती, कुणी समुद्रपूरकडे, कुणी आर्वीकडे. मी गेले की चहा व्हायचा, जामला आलुपोहे व्हायचे, मी एकेका संगणकावर बसून नवीन आवृत्ती चढवायची. त्यांच्या लेखी लिनक्स माझ्या पर्समधून येत होतं. मला ते कळत होतं आणि मी ते तसंच राहू दिलं. सगळ्यांना गट, यादी, नियम समजावत बसण्यापेक्षा आपणच जाऊन बसवून देणं सोपं होतं.

उन्हाळा लागत होता. कूलरला नवी खसताटी लावायची म्हणून मी सकाळी लवकर उठले होते. मोबाइल पाहिला तर गटाच्या यादीवर पत्र आलेलं. ही यादी म्हणजे एकाने लिहिलेला ईमेल सगळ्यांना जातो, तिथेच सगळे बोलतात, तिथेच सगळं ठरतं. आवृत्त्यांचं काम पाहणाऱ्या माणसाने लिहिलं होतं की पुढच्या आवृत्तीपासून जुन्या जातीच्या संगणकांसाठी बांधणी बंद करावी, असा प्रस्ताव आहे. राबायला माणसं नाहीत, आणि वापरणारंही कुणी उरलेलं दिसत नाही. कुणी वापरत असेल तर महिनाअखेरपर्यंत इथे सांगावं.

मी कूलर तसाच ठेवला आणि लिहायला बसले. खोली लिहिली, तांदळाची पोती लिहिली, पवनारच्या पडवीतल्या मुली लिहिल्या. बाकीच्या सगळ्या गटांनी ही जुनी यंत्रं केव्हाच सोडली आहेत, आता मराठीसकट चालेल असं आमच्यासाठी हे एकच उरलं आहे, तेही गेलं तर ते संगणक भंगारात आणि खोली तांदळाला, असं स्पष्ट लिहिलं. इंटरनेटवरची पानं जुन्या प्रणालीला दारातही उभं करत नाहीत, त्यामुळे आहे तेच चालवत राहू म्हणायची सोय नाही, हेही लिहिलं.

त्या माणसाचं उत्तर आलं. तो कुठल्या देशात राहतो मला माहीत नाही, पण तो कायम सभ्य. पत्राबद्दल आभार, तुम्ही झालात एक, आणखी कुणी असतील तर त्यांनी स्वतः लिहावं, एवढंच. आमच्या गटात मतदान नसतं. एकजण बोलतो, मग ज्यांना पटलं ते खाली नुसतं '+१' लिहितात. अधिक एक. बस, एवढंच. ते नसेल तर त्या बोलण्यामागे कुणी नाही असं धरतात. आणि प्रस्तावावर कुणीच काही बोललं नाही तर तो मंजूर. एकाला दहांच्या वतीने बोलता येत नाही, कारण मग कुणीही उठेल आणि माझ्यामागे लाख माणसं आहेत म्हणेल. नियम मला मान्य होता. अजूनही आहे, हीच तर पंचाईत आहे.

तळेगाव, पवनार, जाम अशा माझ्या सगळ्या माणसांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, तिथे मी सगळं लिहिलं. यादीचा पत्ता दिला. काय लिहायचं ते दिलं. इंग्रजी नको, मराठीत लिहा, एक ओळ लिहा, नाही तर नुसतं अधिक एक लिहा, पण तिथे लिहा. खोली जाईल, असंही लिहिलं. पंधरा मिनिटांत मोबाइल थरथरायला लागला. अंगठे. जोडलेले हात. "एकदम बरोबर मॅडम." "आमी तुमच्या पाठीशी आहो." पवनारच्या बाईंनी गुलाबाचं फूल पाठवलं. जामच्या दुकानदाराने एकदम पाच अंगठे दिले. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, भिशी म्हणतोस ना? बघ किती माणसं आहेत.

यादीवर मात्र शुकशुकाट. रोज सकाळी मी चहाच्या आधी पाहायची. माझ्या पत्राखाली कुणी नाही. तळेगावच्या सरांना फोन केला, लिहिलं का? "हो जी मॅडम, होऊन जाईन." जामला फोन केला. तो गिऱ्हाइकात होता. "मॅडम, तुमी लिहिलं ना?" मी म्हटलं, हो, मी तर पहिल्याच दिवशी लिहिलं. "मंग झालं," तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता तोही लिहिणार.

माझा स्वभाव बरा नाही. महिना संपत आला तशी मी ग्रुपवर भडकले. अंगठे काय मला दाखवता, तिथे दाखवा, असं लिहिलं. त्यानंतर ग्रुप एकदम गप्प झाला. एक-दोघांनी "क्षमस्व मॅडम" म्हणून हात जोडले. मी रागावले तेव्हा ते आणखीच आदराने वागू लागले, आणि आदराने वागणं म्हणजे आमच्याकडे तोंड न उघडणं. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं, कारण आयुष्यभर मी तेच पाहत आले आहे. शिक्षकांच्या बैठकीत वरचा अधिकारी विचारतो, कुणाला काही अडचण? एक वयस्क शिक्षक उभा राहतो, सगळ्यांची अडचण सांगतो, बाकीचे माना डोलावतात. त्याच्यानंतर दुसरा उठून तेच बोलला तर लोक म्हणतात, हा कोण टिकोजीराव?

मी एकटीने शेवटचा प्रयत्न केला. जुन्या यंत्रांची सगळी बांधणी मीच सांभाळते, असं यादीवर कळवलं. तो सभ्य माणूस म्हणाला की एका माणसावर एवढं टाकता येत नाही, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? त्याचंही चूक नव्हतं. कुणाचंच चूक नव्हतं, हे मला सगळ्यात असह्य झालं. भांडायला समोर कुणीतरी हवं असतं.

निर्णयाचं पत्र लहान होतं. पुरेसा अवधी दिला, एकच वापरकर्ती पुढे आली, तिच्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दल गट ऋणी आहे, प्रस्ताव मंजूर. एकच. मी तो शब्द किती वेळा वाचला सांगता येणार नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ सोडला आणि रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला. भिशी म्हणाला नाही. म्हणाला, "जेवून घे. उपाशी राहून ते काही परत चालू नाई करणार." मी जेवले नाही. इतकी वर्षं एकेक शब्द करून बसवलेलं मराठी नवीन यंत्रांवर राहणारच होतं, पण नवीन यंत्रं असलेल्यांना त्याची गरजच नव्हती. ज्यांच्यासाठी घातलं ते आता पडद्यावर कधी पाहणार नव्हते. मला वाटलं, मी इतकी वर्षं भिंतीशीच बोलत होते.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "त्यांनी माझं ऐकलं नाही. बंद झालं." मोबाइल बंद करून ठेवला.

रविवारी सकाळी फाटकाशी मोटारसायकली थांबल्या. आधी जामचा दुकानदार, दुकान बंद ठेवून. मग तळेगावचे सर, एवढ्या उन्हात इतक्या लांबून, डोक्याला दुपट्टा बांधून. आर्वीकडचे दोघं. समुद्रपूरचे. पवनारच्या बाई एसटीने आल्या, पिशवीत अंबाडीची भाजी.  चपला बाहेर काढल्या, नवऱ्याने सतरंजी टाकली, सगळे बसले. कुणाकडे माणूस गेल्यावर बसतात तसे, खाली बघत. नवरा पाण्याचे ग्लास फिरवत होता. पवनारच्या बाई माझ्याजवळ सरकल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या.

मी माझ्या बैठकीच्या खोलीकडे पाहत होते. बसायला जागा उरली नव्हती. यादीच्या लेखी ही माणसं नव्हतीच. एकेकाने घरी बसून एक ओळ लिहिली असती तर आज यायची गरज पडली नसती. ती ओळ लिहिणं त्यांना जमलं नाही, आणि उन्हातान्हात गाडी हाकत येणं मात्र जमलं. बैल गेला अन् झोपा केला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "काऊन नाई लिहिलं कोणी?"

सगळ्यांनी तळेगावच्या सरांकडे पाहिलं. तिथेही एकच बोलणार होता. सर म्हणाले, "मॅडम, तुमी लिहिलं होतं ना. एवढं चांगलं लिहिलं. त्याच्यावर आमी काय लिहाव? तुमचं म्हणणं आमी पुन्हा सांगाव, म्हणजे तुमच्या शब्दावर भरोसा नाई असं दिसते. मॅडम बोलल्या म्हणजे झालं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या माना त्या सभ्य माणसाला दाखवाव्याशा वाटल्या.

"त्यायनं तुमाले असं वागवाले नोको होतं," पवनारच्या बाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांचं काम तुमचं. आमाले लय वाईट वाटलं." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. ते खोलीसाठी आलेच नव्हते. परदेशातल्या कुणीतरी त्यांच्या मॅडमचा अपमान केला, म्हणून आले होते. बंद झालं ते त्यांचं, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

चहा झाला. अंबाडीची भाजी कशी करायची यावर थोडं बोलणं झालं. ऊन वाढायच्या आत निघू म्हणून सगळे उठले. तळेगावचे सर दुपट्टा बांधता बांधता फाटकाशी थांबले.

"मॅडम, तुमी मनाले लावून नोका घेऊ. अन् मुख्याध्यापक खोलीचं विचारून राह्यले होते. मी सांगून ठेवलं त्यायले, शाळा उघडाच्या आत मॅडम नवीन घेऊन येतात म्हणून. दरवर्षी येतात तशा." ते हसले. "येजा मंग."

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, जामचा दुकानदार गाडीवर बसून, पवनारच्या बाई पदर सावरत. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांनी तो होकार धरला, आणि गाड्या चालू केल्या.