लक्ष्मी तालाकाठचा काऊबॉय

"ताई, बाबा येणार नाही म्हणतात. तू तरी ये," असा निखिलचा फोन आला आणि मी पुण्याहून झाशीचं तिकीट काढलं. निखिल माझा मामेभाऊ, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवतो. त्याची पहिलीच व्हिडिओ कलाकृती गावात दाखवली जाणार होती.

जाणार असाल तर थंडीत जा, पण स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. स्टेशनाबाहेर लक्ष्मी गेटसाठी ई-रिक्षा मिळते. बसण्याआधी भाडं ठरवा. गेटापाशी गरम कचोरी-जलेबी खाल्ली आणि मामाचं घर गाठलं.

"येताना परेशानी नाही ना झाली?" मामाने विचारलं. मग एकदम म्हणाला, "आपले पूर्वज घोड्यांवरून मराठ्यांच्या फौजेत आले इथे. आणि हा घोडीवर बसून दाखवतो काय, तर पुरुष पुरुषाला..." पुढचं त्याला बोलवेना.

"तुम्ही पाहिलंय कुठे अजून?" मामी म्हणाली.

संध्याकाळी लक्ष्मी ताल या तलावाजवळच्या हॉलमध्ये मी, मामी आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बरीच मंडळी. पडद्यावर निखिल: डोक्याला काऊबॉयची हॅट, खाली वरातीची पांढरी घोडी, मागे बुंदेलखंडातलं उघडं माळरान. सिनेमातल्या काऊबॉयला कुणाची गरज नसते. हा मात्र उतरतो, दगडावर बसतो, वाट पाहतो. दुसरा हॅटवाला येतो, रुमालाने त्याच्या गालावरची धूळ पुसतो. आणि हात तिथेच राहतो.

"अरे भैया, ये कैसा काऊबॉय? मर्द है कि नहीं?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"मेरा बेटा है," दाराकडून आवाज आला. "देखना हो तो चुपचाप देखिए."

मामा! इस्त्रीचं जाकीट घालून ताठ उभा. हॉल गप्प झाला तो शेवटपर्यंत.

नंतर निखिल समोर आला, मान खाली. "बाबा, मला वाटलं तुम्ही नाही आणार... येणार." गडबडला की तो असाच हिंदीत घसरतो.

"तुझी आई म्हणाली, पाहिल्याशिवाय बोलू नका. पाहिलं." मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घोडीवरची बैठक छान आहे तुझी. लगाम फार आवळतोस."

मामी तोंडाला पदर लावून रडत होती. मीही.

परत येऊन आठवडा झाला. किल्ला पाहायचा राहिला, पण त्याची खंत नाही. झाशीला कशाला गेली होतीस, असं कुणी विचारलं की मी मान वर करून सांगते, भावाचं काम पाहायला.

काल मामाचा फोन आला. "इथे जवळच गुरसरायला आपले इतके नातेवाईक आहेत, त्यांना दाखवायचं ठरवलंय. निखिल संकोचतोय, पण मी हॉल पक्का केला. आणि सुरुवातीला दोन शब्द मीच बोलणार आहे."