डुकराच्या मागे काय आहे?

आल्बर्ट अंकल गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. फोन त्यांच्या भाचीचा, फिलोमिनाचा. "शुभाताई, अंकल गेले. पहाटे, झोपेतच. चार वाजता चर्चमध्ये या," एवढं बोलून तिने ठेवला; तिला अजून पुष्कळांना कळवायचं होतं. मी दुसऱ्या पायाची नाडी बांधली, अर्धी फेरी मारली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यांच्याकडे जायचं राहिलं ते आता राहिलंच. सहा महिने मी 'येत्या रविवारी' म्हणत होते. दादरहून गिरगाव ते काय लांब? पण माझा राग चढतो चटकन आणि उतरायला महिने घेतो, हे माझ्या घरचं कोणीही सांगेल. या गोष्टीला आज सहा आठवडे झाले. आता लिहिते आहे ते थोडं त्यांच्यासाठी आणि बरंचसं माझ्या मनाला लागून राहिलंय म्हणून.

अंकल बंदुका दुरुस्त करायचे. पिढीजात मुंबईकर ख्रिश्चन घर, वडिलांचंही तेच काम. गिरगावात मागच्या गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, आणि आमच्या कॉलेजच्या एनसीसीच्या मुली ज्या रेंजवर सरावाला जायच्या तिथल्या रायफलींची देखभालही त्यांच्याकडेच होती. मी लालबागच्या चाळीतली, गिरणी कामगाराची मुलगी. बंदूक पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती मी झाडूसारखी धरली होती. अंकल लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "ए पोरी, कचरा काढायचाय काय?" सगळ्या हसल्या. मला एवढा राग आला की त्या वर्षी आमच्या तुकडीत माझा पहिला नंबर आला. माझं नेमबाजीतलं सगळं कर्तृत्व असं रागातून आलेलं आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

त्यांची शिकवण्याची रीत न्यारी होती. रायफलच्या नळीवर, पुढच्या टोकाला, ते एक रुपयाचं जुनं जाड नाणं ठेवायचे. रायफल रिकामी. नेम धरायचा, घोडा दाबायचा, 'टक' असा आवाज आला पाहिजे आणि नाणं जागचं हलता कामा नये. नाणं पडलं तर ते कधी ओरडले नाहीत. नाणं उचलून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "आज हातात राग आहे. रविवारी ये." मग कितीही गयावया करा, त्या दिवशी काडतूस मिळायचं नाही. मी घरी येऊन आईच्या लाटण्यावर नाणं ठेवून सराव करायची. बाबा तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेले असायचे, नाणं खणकन पडलं की कूस बदलून म्हणायचे, "शुभे, बॅंक लुटतंस काय गो?"

रायफल कशी निवडावी हे ऐकावं तर अंकलकडून. चकचकीत लाकूड दाखवून कोणी भुलवायला लागला की ते शर्टाच्या खिशातून चर्चमध्ये मिळालेलं एक पातळ कार्ड काढायचे, मदर मेरीचं. ते कार्ड नळी आणि खालचं लाकूड यांच्यामधल्या फटीतून हळूहळू मागे सरकवायचे. सरळ गेलं तर ठीक. अडकलं तर तिथे लाकूड नळीला टेकतंय. नळी तापली की नेम सरकणार. "आई जिथे अडकली तिथे घासायचं," असं म्हणून तिथे पेन्सिलीने खूण करायचे. मग बोल्ट उघडून, नळीतून उजेड बघून, तिच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचे, आपण कपाची टवका उडालेली कड चाचपतो तसं. आणि शेवटी एकच परीक्षा: पाच गोळ्या. "एक गोळी कोणाची पण लागते. पाच एका बशीत बसल्या, तर बोल." स्वतः या माणसाने जन्मात एक कावळा मारला नव्हता.

कॉलेज सुटलं, नोकरी लागली, लग्न होऊन मी दादरला आले. पण महिन्यातून एखाद्या रविवारी अंकलकडे चक्कर व्हायची. वर्कशॉप बंद केल्यावर त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत फक्त हत्यारांची पेटी आणि एक निकामी एअरगन उरली होती. लग्न केलं नव्हतं. मी गेले की ते स्वतः चहा करायचे, भयंकर गोड, आणि मी तो प्यायची.

इकडे बाबा गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते मुंबईला परतलेच नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी आमची भातशेती. रानडुकरं तेव्हाही यायची, म्हणून बाबांनी शेताच्या कडेच्या फणसावर माळा बांधला, राखणीला बसायला. फळ्या कुठल्या, तर गिरणीतल्या बॉबिनच्या खोक्यांच्या. त्या त्यांनी परळहून गावी नेल्या होत्या. बाबा गेल्यावर माझा मोठा भाऊ सदादादा त्यांची जुनी एकनळी बंदूक घेऊन त्याच माळ्यावर बसू लागला. डुकरं आता कळपाने येतात. पोटरीला आलेलं भात एका पहाटेत भुईसपाट करतात, सुरण उकरतात. एकनळीचे छरे बांधावरच्या आंब्यापलीकडे पोचायचे नाहीत. चार वर्षं खेटे घालून दादाने रायफलचा परवाना मिळवला, वनखात्याचं पत्रही आणलं, आणि मला फोन केला. "गो शुभे, तुझ्या त्या अंकलाक विचार. अशी रायफल सांग म्हणा, एका गोळयेत डुक्कर पडाक व्हयो."

मी उड्या मारत गिरगावला गेले. मला वाटलं होतं अंकल खूश होतील, नावं सांगतील, दुकानाचा पत्ता देतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "डुकराच्या मागे काय आहे?"

मला कळेना. "मागे म्हणजे?"

"भाऊ माळ्यावर बसला. समोर डुक्कर. डुकराच्या मागे काय? रायफलची गोळी आहे ती, डुकराला विचारून थांबत नाही."

म्हटलं, मागे डोंगर आहे, नुसता कातळ. ते म्हणाले, काढून दाखव. मी कॅलेंडरचं एक पान फाडून पाठीमागे शेताचा नकाशा काढला: फणस, माळा, बांध, आंबा, ओहोळ, आणि पलीकडे उघडाबोडका चढ. मोठ्या ऐटीत काढला. अंकलनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "तू शेवटची तिथे कधी उभी होतीस?" मी म्हटलं, दरवर्षी गणपतीला जातो की! आता हे लिहिताना लाज वाटते. गणपतीला जाऊन आम्ही मुंबईकर करतो काय? आरत्या म्हणतो, आंबोळ्या खातो, आणि परतीच्या तिकिटाची काळजी करतो. शेताच्या त्या टोकाला मी शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत उभी होते. त्यानंतर नाही. नकाशा त्या सुट्टीतला होता.

अंकलना शंका आली असावी. गुडघे दुखत असताना, ऐंशी उलटलेला तो माणूस त्या वर्षी गणपतीला आमच्याबरोबर गावी आला. मोदक खाल्ले, गणपतीसमोर हात जोडले, वहिनीच्या आंबोळीला दोनदा वाखाणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या खांद्याला धरून माळ्यावर चढले. खिशातून दुर्बीण काढली. मी खाली उभी. वरून आवाज आला, "सदा, तिथे निळा युनिफॉर्म वाळत घातलाय. कोणाचा?"

"ती नवी वाडी," दादा म्हणाला. "धा वर्सां झाली तिका."

माझ्या कातळावर आता घरं होती, नळ होता, अंगणात दोरी होती. दादा ते रोज बघत होता. पण त्याचा सगळा हिशोब एकनळीचा, आंब्यापलीकडे काही लागत नाही हाच. आणि मला तर ती वाडी माहीतच नव्हती. अंकल खाली उतरले, शेताला काठी टेकत पूर्ण वळसा घातला, आणि वरच्या अंगाला एका आईनाच्या झाडाखाली थांबले. तिथून खाली ओहोळाकडे उतार. "माळा इथे. वरून खाली मारायचं. चुकली तर गोळी मातीत. तिथून गोळी सुटता कामा नये," त्यांनी फणसाकडे बोट केलं. "रायफल नंतर बघू. आधी माळा हलवा."

दादाचा चेहरा उतरला. "बाबांनी बांधललो माळो असा तो."

"माहीत आहे. फळ्या चांगल्या आहेत. त्याच घ्या."

"चार वर्सां खेटे घातलंय मी! आणि तुमी सांगतास माळो हलय!" दादा तरातरा घरी निघून गेला. मीही त्याच्याच बाजूने उभी राहिले, बाबांची मुलगी ना! अंकलना म्हणाले, "तुम्हाला रायफल कळते, अंकल, शेत कळत नाही." ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून तर बघायला आलो." निघताना त्यांनी आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दादाच्या हातात दिला. दादाने तो बघितलासुद्धा नाही. परतीच्या प्रवासात आम्ही दोघं जेमतेम चार वाक्यं बोललो असू. गिरगावला उतरताना त्यांनी विचारलं, "रविवारी येशील?" मी म्हटलं, बघते.

भात कापणीच्या आधी दादाचा फोन आला. सकाळची वेळ. त्याचा आवाज बसला होता. फटफटीत उजाडायच्या सुमारास माळ्यासमोर मोठा डुक्कर येऊन उभा राहिला होता, एकनळीच्या टप्प्यात. दादाने नेम धरला, आणि काय झालं कोण जाणे, डुकरावरची नजर उचलून त्याने मागे बघितलं. वाडीतल्या तीन मुली दप्तरं घेऊन बांधाच्या वरच्या पायवाटेने उतरत होत्या. सकाळची शाळा. "छरे थंयसर पोचाचे नाय, माका ठावक हा," तो म्हणाला. "पण शुभे, हातात रायफल आसती तर?" डुक्कर गेला निघून. त्या दिवशी त्याने फणसावरचा माळा स्वतःच्या हाताने उतरवला आणि बाबांच्या त्याच फळ्या आईनावर ठोकल्या. "त्या म्हाताऱ्याक सांग," तो म्हणाला.

हे मी सांगायचं होतं. एवढंच काम होतं: गिरगावला जाऊन म्हणायचं, अंकल, माळा हलला, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. फोनवरही सांगता आलं असतं. पण चूक कबूल करायची म्हटलं की माझी जीभ जड होते. एक रविवार पाहुणे आले, एक रविवार सर्दी झाली, एका रविवारी तर मी बसस्टॉपवरून परत आले. नाताळ गेला. अंकल आपणहून कोणाला फोन करायचे नाहीत, त्यांचा स्वभावच नव्हता तो. मी मनातल्या मनात धरून चालले होते की ते वाट बघत असतील, आणि बघू देत थोडी, असंही वाटत होतं. हे लिहायला सोपं नाही.

मागच्या आठवड्यात, चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सानंतर, फिलोमिना मला त्यांच्या खोलीवर घेऊन गेली. "तुमचं काहीतरी आहे ड्रॉवरमध्ये," ती म्हणाली. ड्रॉवरमध्ये मदर मेरीचं ते कार्ड होतं, कडा काळ्या झालेलं. ते जाड नाणं होतं. आणि घडी घातलेलं कॅलेंडरचं पान. माझा नकाशा. त्यावर लाल पेन्सिलीने नवी वाडी काढलेली, दोरीवरच्या युनिफॉर्मसकट. वरच्या अंगाला आईन, आणि तिथून ओहोळाकडे बाण. खाली त्यांच्या आखीव अक्षरात लिहिलं होतं: 'सदाचा फोन आला. माळा हलवला. आता रायफल बघायची. तीनशे पंधरा बोअरची, बोल्टवाली. एका कंपनीच्या तीन बघायला मागवायच्या, प्रत्येकीच्या पाच गोळ्या. शुभा आली की तिच्याबरोबर जायचं.'

मी तिथूनच दादाला फोन लावला. "मीच केललंय फोन," तो म्हणाला. "मळणी झाली तेव्हा. तुझो काय पत्तो नाय. ते म्हणाले, शुभाला काही सांगू नको, तिला येऊ दे. मगे आपण तिघां दुकानात जावया." मग म्हणाला, "गो, तू गेलंच नाय?"

फिलोमिना चहा ठेवायला आत गेली होती. कोपऱ्यात ती निकामी एअरगन उभी होती. मी ती घेतली, त्यांच्या खुर्चीत बसले, नळीच्या टोकाला नाणं ठेवलं आणि समोरच्या भिंतीवर नेम धरला. घोडा दाबायच्या आधीच नाणं पडलं. फरशीवर गरगरत कपाटाखाली गेलं. मी ओणवी होऊन ते काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा मला रडू आवरेना... आज हातात काय होतं हे अंकलनी बरोबर सांगितलं असतं.

फिलोमिना चहा घेऊन आली, भयंकर गोड. मी नाणं पदराने पुसून ड्रॉवरमध्ये होतं तिथेच ठेवलं आणि तिला म्हटलं, "रविवारी आले तर चालेल?"